श्वास वजा जाता

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची. तीन बॅगा, एक छत्री आणि माझी उशी. उशी पाहून ढब्बू बसथांब्यावरच हसत सुटला. म्हणाला, ताई, इथे उशा मिळतात गं. मी म्हटलं, मिळत असतील, पण त्यांची माझ्या मानेशी ओळख नाही. ह्या वयात नव्या ओळखी मी फक्त नोकरीपुरत्या करणार आहे.

ढब्बू माझा धाकटा भाऊ. लहानपणी गोल होता म्हणून ढब्बू. आता त्रेचाळीस वर्षांचा, फूटपट्टीसारखा सरळ आणि सडपातळ आहे, पण एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. धंद्याने पाणबुड्या. इथे समुद्राच्या तळातून मिथेन वायूचे बुडबुडे निघतात. ते मोजायचं हे केंद्र, आणि तळाशी जाऊन यंत्रं पुसणारा हा एकटा माणूस.

मी एकोणपन्नास वर्षांची, बिनलग्नाची, आणि कालपर्यंत बेकार. बावीस वर्षं रेडिओवर ध्वनिमुद्रणं साफ करत होते. मोठमोठ्या माणसांच्या भाषणांतला खोकला, आवंढा, अं-अं आणि श्वास कापायचे. माझ्या हाताखालून गेलेला वक्ता अर्धा तास श्वास न घेता बोलायचा आणि लोक म्हणायचे, काय दांडगा अभ्यास! मग तेच काम करणारं यंत्र आलं आणि रेडिओवाल्यांनी मलाच कापून टाकलं. ढब्बूने इथे शब्द टाकला की, माझ्या बहिणीसारखे कान तुम्हाला शोधून सापडणार नाहीत. बहिणीचं तोंड कसं आहे ते त्याने शहाणपणाने सांगितलं नाही.

घर टुमदार आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि दारातून पन्नास पायऱ्या उतरलं की पाण्याच्या काठावर मोजणीघर. भावजयीने खिडकीला नवा पडदा शिवलाय. शिवणकाम हाच तिचा व्यवसाय. ढब्बूच्या रबरी पोशाखाची ठिगळंही तिचीच. एरवी मला ताई म्हणते. चिडली की वन्सं. आज दिवसभर ताई होते. बरं चाललंय.

बुधवार, ६ मार्च

काम कळलं. तळावर तीन ठिकाणी पाण्यातले मायक्रोफोन आहेत. सगळे त्यांना कान म्हणतात. पहिला कान काठाजवळ दोन मीटरवर, दुसरा सात मीटर खोल, तिसरा चौदा. केबल थेट माझ्या टेबलावर येते. बुडबुडा सुटताना वाजतो. लहान असला तर बारीक, मोठा असला तर घोगरा. आवाजावरून आकार, आकारावरून वायू किती ते काढायचं. तिसऱ्या कानाजवळ एक उलटं नरसाळंही आहे. त्यात साठलेला वायू केंद्राचा होडीवाला नळीने वर घेऊन बाटलीत भरून आणतो आणि यंत्रात तपासतात, म्हणजे माझे कान खोटं बोलतात की काय ते कळतं.

भानगड एकच. ढब्बू खाली असला की त्याच्या श्वासाचेही बुडबुडे होतात. ते मिथेनमध्ये धरले तर हिशोब चुकतो. म्हणून वहीत दोन रकाने: वायू आणि श्वास. बेरीज झाली की श्वास वजा.

केंद्राच्या साहेबांनी तासभर समजावलं. ते तीन दशांश स्थळांशिवाय बोलतच नाहीत. चहासुद्धा शून्य पूर्णांक काहीतरी घेत असावेत. नियमावलीत लिहिलंय की पाण्यात नेहमी दोन पाणबुडे हवेत. दुसरी जागा दोन वर्षं रिकामी आहे. मी विचारलं, मग दुसरा कोण? साहेब म्हणाले, तुम्ही. म्हणजे तुमचे कान. श्वास बिघडला किंवा त्याने पाठीवरच्या सिलिंडरवर तीनदा ठोकलं, की लाल बटण दाबायचं. भोंगा होतो आणि होडीवाला ढब्बूच्या कमरेचा दोर ओढतो.

घरी आल्यावर ढब्बूला सांगितलं, आजपासून तू माझ्या हातात. तो म्हणाला, जन्मल्यापासून कुणाच्या हातात होतो?

सोमवार, ११ मार्च

भावाचा श्वास असा तासन्‌तास ऐकायचा, हा प्रकार मजेदार आहे. आधी नळीतून आत ओढल्याचा सूं, मग बुडबुड्यांचा खळखळाट. बाहेर सोडताना मध्येच किंचित अडतो आणि मग उरलेला सोडतो, जसं काही बोलता बोलता आठवलं. आणि मधूनच सिलिंडरवर सुरीच्या मुठीने टकटक, टक. तीनदा नाही, उगाच, गाण्याचा ठेका. म्हणजे ताई, ऐकते आहेस ना? मी वर बसून हसते. मला उत्तर देता येत नाही, ही ह्या नोकरीतली त्याची एकमेव चैन.

जेवताना त्याला झापलं, की मोजणीत अडथळा येतो. तो म्हणाला, मग तेही वजा कर. भावजय म्हणाली, बारा वर्षांत मला कधी टकटक केली नाही. मी म्हटलं, तुझं उत्तर ऐकू येतं ना, म्हणून. त्यावर वन्सं झाले.

शुक्रवार, १५ मार्च

डोक्यात एक युक्ती आली आणि साहेबांना सांगितली. श्वास एकेक मोजून वजा कशाला करायचा? संगणकाला ढब्बूचा श्वास ओळखायला शिकवायचं. तो आपोआप गाळून टाकेल, खाली फक्त वायू राहील. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं?

त्याच्या श्वासाचा एक छान मिनिटभराचा नमुना तयार केला. टकटकही त्यातच राहू दिली, म्हणजे तीही गाळली जाईल. मधली अडखळ मात्र कापून श्वास सलग जोडला. हाताला सवय आहे. अडखळ दिसली की बोटं शिवशिवतात.

साहेबांनी चाळणी असं नाव ठेवलं. चाळणी नीट चालते का हे पाहायला हा नमुना रोज सकाळी आठ वाजता तिन्ही कानांशेजारच्या छोट्या कर्ण्यांतून पाण्यात वाजवायचा आणि इकडे तो पुसला जातोय ना ते बघायचं. संगणकाला वेळ लावून दिलाय. आपलं आपण वाजतं.

बुधवार, २० मार्च

चाळणी चोख. ढब्बू चाळीस मिनिटं खाली होता आणि चाळलेल्या प्रतीत तो नव्हताच. नुसते बुडबुडे, स्वच्छ, जणू समुद्र एकटाच आहे. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, ही मोजणी आता जगात कुठेही दाखवता येईल. ढब्बूलाही ऐकवलं. तो जरा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, कसं वाटतं गं, आपण नसताना.

भावजयीने माझ्यासाठी उशीचा अभ्रा शिवलाय. आभार मानायची मला सवय नाही, म्हणून टाका वाकडा आहे असं म्हटलं.

सोमवार, २५ मार्च

उद्या मोठी ओहोटी. महिन्यातून दोनदाच पाणी इतकं मागे जातं. पाण्याचा भार कमी झाला की तळ सैल होतो आणि वायू भसाभस सुटतो, त्यामुळे मोजणीचा खरा दिवस उद्याच. दुपारी बाराला पाहणीची समिती येणार आहे. साहेबांना आकडा त्यांच्या पुढ्यात गरमागरम ठेवायचाय. म्हणाले, उद्या चाळणी लावूनच ऐका, नंतर चाळत बसायला वेळ नाही. मी विचारलं, मग ढब्बूवर लक्ष कोण ठेवणार? म्हणाले, होडीवाला आहे की. आणि तीन ठोके काय, कशातूनही ऐकू येतात.

मलाही पटलं. मला पटलं, हे इथे लिहून ठेवते.

बुधवार, २७ मार्च

काल लिहिता आलं नाही.

तो दहा पन्नासला उतरला. मी हेडफोन लावला होता. चाळणी लावली होती. सव्वाअकरानंतर तळ उघडल्यासारखा आवाज झाला. इतके बुडबुडे मी कधी ऐकले नव्हते. लहान, मोठे, सगळे एकदम. मला आनंद झाला. साडेअकराला साहेबांना आकडा दिला. मग चहा घेतला. एक बिस्किटही खाल्लं.

बाराला दहा कमी असताना होडीवाला पायऱ्यांवरून ओरडत आला. पाणी उकळत्या दुधासारखं पांढरं झालं होतं. दोर ओढला तर नुसतं तुटलेलं टोक हातात आलं.

गुरुवार, २८ मार्च

बाहेरून चार पाणबुडे आले. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या कानाजवळचा उतार पूर्ण खचलाय म्हणतात. एका पायातला पोहण्याचा पंखा मिळाला. पट्ट्यावर भावजयीचा टाका.

तिने तो ओळखला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, हा मीच शिवलाय, टाका सुटला नाही, मग पायातून निघाला कसा?

होडीवाला माझ्याजवळ येऊन रडला. म्हणाला, ताई, मी भोंग्याची वाट बघत होतो. भोंगा झाला नाही, म्हणजे खाली सगळं ठीक आहे असं समजलो.

शुक्रवार, २९ मार्च

चौकशी झाली. चौकशी म्हणजे साहेब, एक कागद आणि समितीतले उरलेले दोघे. विचारलं, ऐकण्याच्या टेबलावर काही वेगळं जाणवलं का? मी म्हटलं, नाही. खरं तेच सांगितलं. काही ऐकू आलं नाही.

साहेबांनी लिहिलं, अनपेक्षित नैसर्गिक उद्रेक. शोध थांबवला. चाळणीचा उल्लेख त्यांनी केला नाही. मीही नाही.

भावजय दोन ताटं घेते, आठवण झाली की एक परत ठेवते. मग माझ्याकडे बघते आणि पुन्हा घेते. आम्ही दोघीच आहोत, म्हणजे दोनच लागतात. तिचं चुकत नाही. हे आम्हा दोघींच्याही लवकर लक्षात येत नाही.

रविवार, ३१ मार्च

चाळणी फक्त माझ्या कानावर होती. न चाळलेला आवाज संगणकात तसाच असतो. हे मला मंगळवारपासून माहीत होतं. आज उघडला.

अकरा बावीसला पहिले तीन ठोके. नमुन्यात टकटक मीच ठेवली होती, तिच्याबरोबर तेही गाळले गेले.

मग तीन. मग तीन. अधे-मधे श्वास, जलद, तुटलेले. मग तीन. मी मोजले. मोजणं एवढंच मला येतं. एकोणीस मिनिटं तो ठोकत होता. मध्ये एकदा थांबून त्याने गाण्याचा ठेका वाजवला. नेहमीचा. ताई, ऐकते आहेस ना.

मी तेव्हा बिस्किट खात होते.

अकरा एकेचाळीसनंतर ठोके नाहीत. श्वास हळू. सिलिंडरमध्ये फार तर पुढच्या दहा मिनिटांची हवा असणार. मी ठरवलं, शेवटपर्यंत ऐकायचं. तेवढं तरी त्याचं देणं लागते. अकरा पन्नास. श्वास. बारा. श्वास. साडेबारा.

दोन वाजले.

श्वास चालू आहे.

सोमवार, १ एप्रिल

रात्रभर पुढे पुढे नेत ऐकलं. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस तारीख. पाणबुडे शोधत होते तेव्हाही. तिसऱ्या कानाशी, संथ, एकसारखा, थांबत नाही. आज सकाळी हेडफोन लावून थेट ऐकलं. आताही आहे.

तो जिवंत आहे. माती खचली तिथे हवेचा कप्पा असेल. असेलच. सहा दिवस.

साहेबांकडे धावत गेले. त्यांनी ऐकलं. म्हणाले, आठच्या नमुन्याचा प्रतिध्वनी संगणकात अडकलाय. मी म्हटलं, नमुना एक मिनिटाचा आहे, हा सहा दिवसांचा. ते म्हणाले, तुम्ही रजा घ्या. किती दिवसांची ते त्यांनी दशांशात सांगितलं नाही, ह्यावरून ते घाबरलेत हे कळलं.

मंगळवार, २ एप्रिल

होडीवाल्याने कुणाला न विचारता एक पाणबुड्या आणला. तो चौदा मीटरवर अर्धा तास होता. मी ऐकत होते. त्याचा श्वास आणि ढब्बूचा श्वास, शेजारी शेजारी. हातभर अंतर असेल. मी इकडून ओरडत होते, डावीकडे बघ, अरे डावीकडे. त्याला कुठलं ऐकू येणार!

वर येऊन म्हणाला, सपाट चिखल आहे. काही नाही, कुणी नाही. पण पुन्हा उतरणार नाही म्हणाला. का, ते सांगेना. पोशाख न काढताच गाडीत बसला.

बुधवार, ३ एप्रिल

नरसाळ्यातला वायू आला. एरवी बाटलीत जवळपास सगळा मिथेनच असतो. आज यंत्राने दाखवलं: मिथेन नाही. प्राणवायू शंभरात सोळा, कार्बन डायऑक्साइड चार, बाकी नायट्रोजन.

हे प्रमाण शाळेच्या पुस्तकात असतं. माणसाने सोडलेली हवा.

साहेबांनी शेरा मारला: नमुना दूषित, हाताळणाऱ्याने नळीत फुंकर मारली असावी. होडीवाला म्हणाला, साहेब, मी दोन लिटर फुंकर मारीन कशाला?

शुक्रवार, ५ एप्रिल

काल संध्याकाळी तिसरा कान शांत झाला. मी टेबलावर डोकं टेकून रडले. मग सहज बटण दुसऱ्या कानावर नेलं.

तिथे आहे. सात मीटर.

वर येतोय. हळूहळू येतोय. पाणबुड्याने हळूच वर यायचं असतं, घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात, त्यानेच सांगितलं होतं मला —

आणखी एक. चाळणी लावली की मोजणी शून्य. सगळ्या तळावर एकही बुडबुडा उरत नाही. संगणक म्हणतो, हे सगळेच श्वास आहेत. साहेब म्हणाले, शून्य आकडा वर पाठवता येत नाही, केंद्र बंद करतील. चाळणी काढा.

आता काढा म्हणतात.

शनिवार, ६ एप्रिल

भावजयीला सांगितलं. सगळं. चाळणी, ठोके, एकोणीस मिनिटं. बिस्किटसुद्धा.

वाटलं होतं, अंगावर येईल. निदान वन्सं म्हणेल. ती कापडाला टाचण्या लावत होती, त्या लावून संपवल्या. मग म्हणाली, तुम्हाला कंटाळा येत होता तर मला बसवायचं होतंत तिथे. मी ऐकलं असतं. मला त्याचा कंटाळा नव्हता.

मी म्हटलं, तो येतोय, अगं. वर येतोय. तू ऐक तरी.

म्हणाली, उद्या.

रविवार, ७ एप्रिल

ती मोजणीघरात पहिल्यांदाच आली. पदराने खुर्ची पुसली. हेडफोन लावला. डोळे मिटले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसावा, एवढंच मला हवं होतं. मग मला काहीही झालं असतं तरी चाललं असतं.

पाच मिनिटं. मग तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, लांब, हात लावायला नको असल्यासारखा.

म्हणाली, हे ते नाहीत.

मी म्हटलं, वेडी आहेस का. मी बावीस वर्षं श्वास ऐकलेत. ती म्हणाली, तुम्ही कापलेत. मी बारा वर्षं एका उशीवर ऐकलाय. बाहेर सोडताना ते मध्येच अडतात. झोपेतसुद्धा. मी तेवढ्यासाठी जागी राहायची, पुढचा येतो की नाही म्हणून. ह्याला अडखळ नाहीये, ताई. हा सलग आहे. कापून शिवल्यासारखा.

ताई म्हणाली. ह्या वेळीही.

सोमवार, ८ एप्रिल

पडताळून पाहिलं. शेजारी शेजारी ठेवले. खालचा श्वास आणि माझा नमुना. जोड तिथेच. माझ्या हाताचा जोड मी कुठेही ओळखेन.

तो ढब्बूचा श्वास नाही. मी केलेला आहे. रोज सकाळी आठला आम्ही तो समुद्राला ऐकवत होतो. तो गेल्यावरही. संगणकाला कुणी सांगितलंच नाही की आता थांब. रोज. तिन्ही जागी. आणि खाली कुणीतरी — काहीतरी — ऐकून ऐकून —

आज आठचं वाजवणं बंद केलं. उशीर झालाय.

दुसरा कान शांत आहे. पहिल्यावर आहे. दोन मीटर. डोक्यावरून जेमतेम हातभर पाणी, बस.

होडीवाला गेला. साहेब मुख्य कार्यालयात गेलेत, अहवाल घेऊन. भावजय म्हणते, आपणही जाऊ. सामान बांधतेय. दुपारची बस आहे उद्या.

मंगळवार, ९ एप्रिल. सकाळ

आज पुन्हा मोठी ओहोटी. खिडकीतून दिसतंय. पाणी इतकं मागे गेलंय की पहिला कान उघडा पडलाय. काळा खांब आणि चिखल. भोवती पाण्याचा थेंब नाही.

हेडफोनची वायर घरापर्यंत ओढून आणली. भावजयीच्या नकळत.

बुडबुडे नाहीत. पाणीच नाही तर बुडबुडे कसले.

श्वास आहे. कोरडा.

— अकरा वाजून पाच

पहिल्या कानावर काही नाही.

हेडफोन काढला.

तरी येतंय.

— पायऱ्यांवर. मोजत नाहीये. मोजणार नाही.

ती दाराला पाठ लावून उभी आहे. म्हणते, उघडू नका, ताई. ते नाहीत हो ते. मला तुमच्याहून जास्त हवेत. पण ते नाहीत.

ठाऊक आहे. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार. जोड माझा आहे.

— पण अगं, त्याचं बाकी काय उरलंय. एक पंखा. आणि हे. वाकडंतिकडं, मी कापलेलं, पण त्याच्याच छातीतून निघालेलं होतं ना एकदा —

ती रडतेय. मी तिला बाजूला सारलं. हलकेच. माझ्या उशीचा अभ्रा तिने तोंडात धरलाय, आवाज होऊ नये म्हणून.

दारापलीकडे आहे. उंबऱ्याशी. आत ओढतो. सोडतो. सलग. सलग.

वाट बघतोय —

ढब्बू नाहीस तू. माहीत आहे. पण एकदा मी उठले नव्हते, अरे, आता दुसऱ्यांदा नाही, कोण का असेना, आता उठते, कडी गार आहे, हात लागला, थांब, ऐकतेय मी, सगळं ऐक —